शेवटच्या पानाचा मान

उदगीरच्या महामायाबाई हत्तरगे अंगणवाडीतून निवृत्त झाल्या त्याला तीन वर्षं झाली, पण कुणाचं तान्हं बाळ दिसलं की त्यांचे हात अजून शिवशिवतात. बाळ उचलायचं, दोन्ही हातांवर जरासं झुलवायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. "सहा किलो चारशे." बाळाची आई म्हणते, "परवा दवाखान्यात साडेसहा भरलं की." बाई विचारतात, "दुपट्यासकट भरलं का दुपटं काढून?" आणि दुपट्यासकटच भरलेलं असतं. तीस वर्षं झोळीच्या काट्यावर गल्लीतली लेकरं जोखली, त्यानं हाताला असं वळण पडलंय.

काट्याच्या बाबतीत बाई कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. वरून साहेब यायचे, रजिस्टर चाळायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "बाई, आकडे जरा बरे दिसू द्या." बाई म्हणायच्या, "मला काय सांगता साहेब, काट्याला सांगा."

अशा बाईच्या हातात खानदानाचा इतिहास लिहायला द्यायचा, तर देणाऱ्यानंच आधी दहादा विचार करायला पाहिजे होता. पण देणारा होता बाईंचा पोरगा संगमेश. त्याची लातुरात अकॅडमी आहे, डॉक्टर व्हायला निघालेली अडीचशे पोरं त्याच्याकडं भौतिकशास्त्र शिकतात, आणि विचार करायला त्याला सवडच नसते. दिवाळीला घरी आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "आई, यंदाच्या यात्रेत आपल्या घराण्याचं पुस्तक काढायचं. चकचकीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. तू लिही. तुझं अक्षर चांगलंय."

"अक्षर छापतात का रे पुस्तकात?"

"तसं न्हाई गं. रिकामीच बसलेली असतीस ना."

ही बाईंची निवृत्ती. असो.

आता ही यात्रा आणि हत्तरग्यांचा तिच्यातला मान, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. देवणीच्या अलीकडं डोंगरहाळी म्हणून गाव आहे, ते हत्तरग्यांचं मूळ गाव. तिथं चैत्रात वीरभद्राची यात्रा भरते. पालखी देवळात परतली की गावजेवण, आणि गावजेवणाला हुग्गी. कांडून कोंडा काढलेले गहू, गूळ, सुंठ, वेलची, खसखस, वरून तुपाची धार. ज्यानं खाल्लीय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून उपयोग नाही. या जेवणात हत्तरग्यांच्या घरचा कर्ता पुरुष दिवसभर कडकडीत उपास करतो, सगळ्या गावाला स्वतःच्या हातानं, मोठ्या ओगराळ्यानं वाढतो, आणि सगळ्यात शेवटी, हंड्याच्या तळाला उरलेलं घेऊन, एकटा पानावर बसतो. याला म्हणतात शेवटच्या पानाचा मान. जेवणं आटोपली की तो हंडाही हत्तरग्यांच्याच घरात घासला जातो. तोही मानच.

हा मान कसा मिळाला? तर संगमेशचे खापरपणजोबा गुरुपादप्पा यांनी निजामाच्या काळात, तंगीच्या सालात, आपल्या घरची धान्याची पेवं उघडून गावाला हुग्गी घातली आणि सगळ्यांचं पोट भरल्याशिवाय स्वतः दाणा तोंडात घेतला नाही. किती दिवस घातली, ते मात्र सांगणाऱ्यावर होतं. महामायाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा थोरली माणसं एक दिवस सांगायची. पुढं तीन झाले. मडिवाळप्पाकाका सात सांगायचे. संगमेशनं अकॅडमीच्या कार्यक्रमात महिनाभर सांगितल्याचं बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मडिवाळप्पाकाका म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे, उमाशंकररावांचे चुलते आणि गुरुपादप्पांचे सख्खे नातू. वय ब्याऐंशी. विसाव्या वर्षी वडील गेले तेव्हापासून शेवटचं पान त्यांचं. बासष्ट यात्रा झाल्या, त्यात एक वर्ष तापानं फणफणलेले होते तरी खांबाला पाठ लावून वाढत होते. गावात कुणाचं भांडण असो, बांध कोरल्याची तक्रार असो, काका मध्ये पडले की मिटायचं, कारण काका म्हणायचे, "मी शेवटी जेवणाऱ्याच्या घरचा हाय, मला कशाची घाई न्हाई." ही गोष्ट त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की ती काढली तर आत माणूस किती उरला असता, कुणास ठाऊक. बायको गेली, मूलबाळ नाही. दर आठवड्याला बाईंना फोन करायचे, "माया, कुठवर आलं गं पुस्तक? यंदा आज्याचं नाव मांडवात वाचलेलं ऐकू दे, मग मी जायला मोकळा." बाई रागवायच्या, पण फोन ठेवल्यावर डोळे पुसायच्या. सासरी आल्या तेव्हा त्यांना हातातलं काम टाकून विचारणारं एकच माणूस होतं, जेवलीस का म्हणून. तेच काका.

बाईंनी कामाला हात घातला तो रजिस्टर भरल्यासारखा. कुणाचा जन्म कधी, कोणती लेक कुठं दिली, कुणाची जमीन कुठं. मग वाटलं, गुरुपादप्पांनी गाव जेवू घातलं याचा कुठं तरी कागद असणार. डोंगरहाळीच्या मठात गेल्या. स्वामींनी माळ्यावरचं एक गाठोडं काढून दिलं. गावपंचांचे जुने ठराव होते, सगळे मोडीत, आणि मोडी वाचणारं गावात कुणी उरलं नव्हतं. बाईंनी नावं तेवढी ओळखण्यापुरती मोडी पुस्तकातून शिकून घेतली, आठवडाभर कागद उलटले, आणि एका कागदावर त्यांना गुरुपादप्पा दिसले. पानाच्या मधोमध. बाईंची छाती हातभर फुगली.

तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून, बाईंनी नांदेडची एसटी पकडली. तिथं शिल्पा म्हणून पंचविशीतली एक पोरगी मोडी वाचते. हल्ली जुन्या कागदांना दिवस आलेत, तिच्या दारात चपलांची रांग असते. बाईंचा नंबर दुपारी लागला. शिल्पानं कागद काचेखाली धरला, एकदा मनात वाचला आणि बाईंकडं बघून विचारलं, "हे तुमचे कोण?"

"मालकांचे पणजोबा. मोठे अन्नदाते होते."

"बरं," शिल्पा म्हणाली, आणि वाचायला लागली. "फसली तेराशे तीस, म्हणजे एकोणीसशे वीस-एकवीस. इसम गुरुपादप्पा बिन शिवलिंगप्पा हत्तरगे याने, गावकीने दाणे घरोघर मुठीमुठीने जमा करोन यात्रेचा हुग्गीचा हंडा शिजविला, तो नैवेद्य होणे बाकी असता, राखणीस यासच बसविला असोन, ओगराळ्याने काढोन खाल्ला. हंडा वीतभर खाली गेला. देवास त्या साली नारळावर भागवावे लागले."

बाई म्हणाल्या, "दुसरा कुणी गुरुपादप्पा असंल."

"बिन शिवलिंगप्पा."

गुरुपादप्पांच्या बापाचं नाव शिवलिंगप्पाच होतं. बाईंनीच वंशावळीत लिहिलं होतं. "तंगीचं साल होतं," त्या म्हणाल्या. "उपाशी असंल बिचारा. तसं काही लिहिलंय का बघ गं माय."

शिल्पानं काच पुढं सरकवली. "लिहिलंय. पुसले असता, भूक होती ऐसे बोलला नाही. वास आला, राहवले नाही, ऐसे बोलला."

काय बोलावं आता. माणसानं निदान भूक होती एवढं तरी म्हणावं. शंभर वर्षांनी आपली पणतसून नांदेडला येऊन बसणार आहे, तिला धरायला एवढी फांदी तरी ठेवावी. पण गुरुपादप्पा खरं बोलून मोकळे झाले होते. खाली पंचांचा निवाडा होता: याच्या घरचा कर्ता पुरुष यात्रेचे दिवशी उपाशी राहोन सर्वांस वाढील, सर्वांमागून पान मांडील, हंडा स्वतः घाशील. पंच मुभा देतील तोवर.

शिल्पा हसू दाबत होती, पण तिचे खांदे हलत होते. "आजी, मी रोज दहा कागद वाचते. सगळ्यांना राजे-रजवाडे पाहिजे असतात. वास आला म्हणून खाल्लं, असं कबूल करणारा पहिलाच भेटला."

परतीच्या एसटीत बाईंनी खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. म्हणजे तो उपास, ते वाढणं, ते एकट्यानं बसणं, हे सगळं शिक्षा होती तर. आणि घर शंभर वर्षं ती शिक्षा छाती काढून भोगत होतं. मुभा कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. शिक्षेचा मान कधी झाला हे कुणालाच कळलं नव्हतं. आणि काका? बासष्ट वर्षं उपाशी राहिलेले काका?

घरी आल्यावर संगमेशला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तो कागद परत माळ्यावर ठेवून दे. फ्लेक्स छापून झालाय. पुस्तक मागनं छापू, यात्रेत तू नुसतं वाचून दाखव."

फ्लेक्सचा फोटो त्यानं पाठवला. गुरुपादप्पांचा फोटो कुणाकडंच नव्हता, म्हणून संगमेशनं मोबाइलला सांगून काढून घेतला होता. भरदार मिशा, केशरी फेटा, आणि हातात तलवार. "हातात ओगराळं दे म्हणून सांगितलं होतं," संगमेश म्हणाला, "त्यानं तलवार दिली. पण बरी दिसते." खाली मोठ्या अक्षरात: अन्नदाते गुरुपादप्पा हत्तरगे.

आता बाईंनी जे केलं ते त्यांना सांगायला आवडत नाही, पण त्यांनी ते केलं. पहिल्यांदा त्यांनी कागद गाळूनच लिहून बघितलं. जमलं नाही, मधे खड्डा दिसत होता. मग लिहिलं की गुरुपादप्पांनी गावाच्या आरोग्याच्या काळजीनं नैवेद्याची चव पाहिली. वीतभर हंडा म्हणजे चव पाहणं कसं, हे त्यांनाच पटेना. तिसऱ्या खेपेला मात्र लेखणीला धार आली. एक उपाशी विधवा, तिच्या पदराआडचं लेकरू, त्या लेकरानं चोरून खाल्लेली हुग्गी, आणि त्याचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेणारे गुरुपादप्पा. लेकरानं आईकडं बघितलं तिथं बाईंना स्वतःलाच हुंदका आला. दोन रुमाल लागले.

उमाशंकरराव एसटीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "हे कागदात हाय?"

"न्हाई."

"मग कुठून आलं?"

"मनातून."

"लई झकास झालंय," ते म्हणाले. "हेच छाप."

नवऱ्यानं असं मनापासून कौतुक केलं आणि बाईंनी तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. कारण तीस वर्षांत एकदा, फक्त एकदाच, त्यांनी काट्यापेक्षा वेगळा आकडा लिहिला होता. एक सून, सासू शेजारी उभी, बाळाचं वजन घटलेलं, आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी. बाईंना दया आली आणि त्यांनी तीनशे ग्रॅम जास्त लिहिले. सासू खूश झाली. पण रजिस्टरमध्ये बाळ धडधाकट दिसलं म्हणून त्या महिन्याचा जादा आहार त्याच्या वाट्याला आला नाही, आणि ते आजारी पडलं. पुढं वाचलं. आज एकोणीस वर्षांचं आहे, मोटारसायकल उडवतं. पण बाईंना ते तीनशे ग्रॅम अजून डाचतात. दयेनं लिहिलेला आकडा कुणाच्या ताटातून काय काढून घेतो, ते लिहिताना दिसत नाही.

त्यांनी ती विधवा आणि तिचं लेकरू उचलून ठेवून दिलं. मोठ्या जड मनानं, कारण लेकरू खरंच गोड जमलं होतं.

पण काकांना न सांगता मांडवात वाचायचं, हे काही त्यांच्यानं होणार नव्हतं. यात्रेच्या दोन दिवस आधी त्या डोंगरहाळीला गेल्या. काका ओट्यावर बसून यात्रेचं ओगराळं चिंचेनं घासत होते. बाईंनी शिल्पानं उतरवून दिलेला मजकूर काढला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. काकांचा हात ओगराळ्यावर थांबला.

"काका, तुम्ही म्हणाल तर वाचत न्हाई."

"मी कसं म्हणू?" काका म्हणाले. "वाचू नको म्हणावं तर ते बी खोटंच. आन वाच म्हणायला माझी जीभ उचलत न्हाई. बासष्ट वर्सं मी ह्याच्या जिवावर ताठ चाललो गं, माया." मग ओगराळं भिंतीला टेकवून ते घरात गेले. चहालाही थांब म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

परतताना बाईंचं काहीच पक्कं ठरलं नव्हतं. पिशवीत दोन्ही कागद ठेवले, खरा आणि विधवेचा.

यात्रेचा दिवस उजाडला. पालखी निघाली, हलग्या घुमल्या, पुरवंतांनी, वीरभद्राच्या त्या मानाच्या भक्तांनी, त्याच्या पराक्रमाची कवनं, म्हणजे खडग, म्हटली, ऊन डोक्यावर आलं. देवळापुढं मांडव, मांडवाच्या तोंडाशी तलवारवाले गुरुपादप्पा. काका आले, फ्लेक्सपाशी थांबले आणि संगमेशला विचारलं, "हे कोण?"

"तुमचे आजोबा, काका."

"माझ्या आज्याला मिशाच येत नव्हत्या," काका म्हणाले आणि पुढं गेले. बाईंकडं बघितलं नाही.

नैवेद्य झाला. जेवणाआधी यात्रा कमिटीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन यांनी माईक हातात घेतला, हत्तरगे घराण्याचं कौतुक केलं आणि महामायाबाईंना बोलावलं. बाई उभ्या राहिल्या. समोर सातआठशे माणसं, पहिल्या रांगेत संगमेश आणि त्यानं लातुराहून बोलावलेले अकॅडमीतल्या पोरांचे आईबाप. बाजूला खांबाला टेकून काका, पांढराशुभ्र फेटा, कपाळाला विभूती, पोटात काल रात्रीपासून काही नाही. बाईंनी पिशवीत हात घातला. दोन्ही कागद बोटांना लागत होते. विधवेचा जाड होता, खरा पातळ होता.

त्यांनी पातळ काढला.

त्या वाचायला लागल्या. "ओगराळ्याने काढोन खाल्ला" इथं मांडवात कुजबुज झाली. "हंडा वीतभर खाली गेला" इथं मागच्या बाजूला कुणी तरी फिसकन हसलं. "वास आला, राहवले नाही" म्हटल्यावर मात्र बांध फुटला. बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या, म्हातारे मांड्या थोपटायला लागले, संगमेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाईंना ते काही ऐकू येत नव्हतं. त्या काकांकडं बघत होत्या. काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. बाईंना वाटलं, संपलं. आपण एका म्हाताऱ्याला भर मांडवात उघडं पाडलं.

निवाडा वाचून झाला. काका खांबापासून सुटे झाले आणि काठी टेकत टेकत मधोमध आले. मांडव हळूहळू गप्प झाला.

"माया, शेवटची वळ पुन्हा वाच."

"पंच मुभा देतील तोवर."

"पंच कोण हाय सध्या?"

मल्लिकार्जुन गडबडले. "तसं बघितलं तर... मीच, काका."

"मुभा दिली का कुणी आजवर?"

"न्हाई, काका."

"मग दे की. शंभर वर्सं झाली गा."

मल्लिकार्जुननी इकडं तिकडं बघितलं. सगळा मांडव माना हलवत होता. "दिली काका. मुभा दिली."

"माईकात सांग. आज्यालाबी ऐकू जाऊ दे."

मल्लिकार्जुननी माईकात सांगितलं. काकांनी काठी बाजूला ठेवली, फेटा सारखा केला, आणि पहिल्या पंगतीत, अगदी पहिल्या पत्रावळीवर मांडी घालून बसले. "बासष्ट वर्सं मी हुग्गी गार खाल्ली," ते म्हणाले. "तळाची, खरपुडी लागलेली. गरम कशी लागती, मला म्हाईत न्हाई. वाढा."

वाढणार कोण? सगळे संगमेशकडं बघायला लागले. त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सारल्या आणि ओगराळं उचललं. हंड्याचं झाकण निघालं. काकांच्या पानावर वाफाळती हुग्गी पडली, वरून तूप. काका लगेच खाईनात. वाकले, डोळे मिटले आणि नाकभरून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग डोळे उघडून, मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मग आज्याचं काय चुकलं?"

असा हशा डोंगरहाळीत पूर्वी झाला नसेल. काकाही हसत होते, हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचीसुद्धा तसदी घेत नव्हते. बाई माईकजवळच खाली बसल्या आणि पोटभर रडून घेतलं. तीनशे ग्रॅमचं ओझं कमी झालं का काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

काका तीनदा वाढून घेऊन उठले. पंगतीमागून पंगती उठल्या. सवयीनं काका हंड्यापाशी गेले, दरसालच्या जागी उभे राहिले आणि मग कुणाचं राहिलंय का बघायला लागले. हंड्यामागच्या सावलीत महामायाबाई आणि घरच्या चार बाया पातेली घेऊन बसल्या होत्या.

"तुमी जेवल्या?"

"न्हाई काका."

"दरसाल कवा जेवता?"

"तुमचं झाल्यावर," बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच कळलं. चाळीस वर्षं त्या काकांच्या मागून जेवत होत्या. त्यांच्या आधी त्यांची सासू, तिच्या आधी तिची सासू. अख्ख्या पुस्तकात ही गोष्ट कुठंच नव्हती. घराण्यातलं एकेक माणूस काट्यावर घालणाऱ्या बाईंनी हे जोखलंच नव्हतं.

काका म्हणाले, "म्हंजे शेवटचं पान माझं कधी नव्हतंच की गं."

"न्हाई."

"आन हंडा? निवाड्यात तर कर्त्या पुरुषाचं नाव हाय. हंडा स्वतः घाशील."

"तो बी आम्हीच."

काकांनी मागं वळून हाक मारली. "संगमेश, जेवणाची मुभा मिळाली, हंड्याची मिळाली न्हाई. राख तिकडं हाय, काथ्या तिकडं हाय." अडीचशे पोरांना भौतिकशास्त्र शिकवणारा संगमेश कंबरेइतक्या हंड्यात शिरला, आणि त्याच्या अकॅडमीतल्या पोरांच्या आईबापांनी त्याचे फोटो काढले. पुढच्या महिन्यात प्रवेश वाढले म्हणतात, पण ते खरं असेलच असं नाही, संगमेशच सांगतो ते.

हंडा घासायच्या आधी उरलेली हुग्गी काकांनी चुलीवर पुन्हा तापवायला लावली होती. त्यांनी पाच पत्रावळ्या मांडल्या, पाचही जणींना बसवलं आणि स्वतः वाढलं. तूप जरा जास्तच पडलं.

"हे लिवलं का पुस्तकात? तुमचं?"

"न्हाई काका. राहूनच गेलं."

"मग ल्ही."

बाईंनी पिशवीतून विधवेचा कागद काढला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूला लिहायला पेन टेकवलं. काकांनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"जेवलीस का?" ते म्हणाले. "आधी गरम हाय तवर खा."